पाण्याखालचा छोटा कॅमेरा: आधी लेन्स की आधी लाइट?

प्रश्न (ठाणे): माझ्याकडे ऑलिंपसचा टीजी-६ आहे. तारकर्लीला स्नॉर्कलिंग करताना काढलेले फोटो हिरवट आणि सपाट येतात. लाल फिल्टर घ्यावा का?

उत्तर: नको. लाल फिल्टर निळ्या, स्वच्छ पाण्यासाठी असतो. तोही साधारण ५ ते २० मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे वरून ऊन भरपूर येतंय पण पाण्याने लाल रंग शोषून घेतलाय अशा ठिकाणी. स्नॉर्कलिंग दोन-तीन मीटरवर चालतं. तिथे लाल रंग बऱ्यापैकी शिल्लक असतो, त्यामुळे फिल्टर लावला की फोटो गुलाबी होतो. शिवाय मालवणकडचं पाणी बरेचदा हिरवं. तिथे लाल फिल्टरने चित्र मातकट होतं, हिरवा कापायला मॅजेंटा छटेचा फिल्टर लागतो. दोन्ही फिल्टर उजेड खातात, हेही धरून चाला.

त्यापेक्षा फुकटचा उपाय करा. कॅमेरा रॉवर (फोटोचा सगळा कच्चा डेटा ठेवणारी फाइल) ठेवा आणि पाण्यात उतरल्यावर पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला म्हणायचं हे कॅमेऱ्याला सांगणं) हाताने सेट करा. खोली तीनेक मीटरने बदलली की पुन्हा करायचा.

फोटो सपाट येण्याचं कारण वेगळं आहे: तुम्ही लांबून काढताय. गढूळ पाण्यात मधलं प्रत्येक वीतभर पाणी चित्र धुरकट करतं. हातभर अंतराच्या आत जा. पैसे खर्चायचेच असतील तर लाइटवर खर्चा. दीड हजार ल्युमेनचा व्हिडिओ लाइट अर्ध्या मीटरपर्यंत रंग परत आणतो. मात्र तो लेन्सला चिकटून नको, कॅमेऱ्याखालच्या ट्रेला जोडलेल्या २०-२५ सेंटिमीटरच्या आर्मवर (दांडीवर) लावा आणि किंचित बाहेरच्या बाजूला वळवा. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असतो. त्याचा उजेड समोरच्या गाळाच्या कणांवर आपटून सरळ लेन्समध्ये येतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे ठिपके दिसतात. आणि लाइट लावला की फिल्टर काढायचा, दोन्ही एकत्र नकोत.

प्रश्न (पुणे): टीजी-६ साठी पीटी-०५९ हाउसिंग (कॅमेऱ्यावरचं जलरोधक कवच) घेतलं. आता वाइड लेन्स घ्यायची आहे. एक स्वस्त, एक तिप्पट महाग. फरक काय?

उत्तर: टीजी-६ चा वाइड कोन हवेत सुमारे ८२ अंश आहे. हाउसिंगची काच सपाट असल्याने पाण्यात तो साठच्या आसपास उरतो. स्वस्तातल्या बऱ्याच लेन्स म्हणजे ‘एअर लेन्स’. त्या फक्त हरवलेला कोन परत देतात. घुमट असलेली महाग लेन्स १२० अंशांच्या पुढे नेते. म्हणजे माणूस किंवा प्रवाळाचा मोठा दगड पूर्ण चौकटीत घेऊनही तुम्ही जवळ राहू शकता. गोव्यातल्या ग्रँड आयलंडसारख्या कमी दृश्यमानतेच्या जागी या जवळिकीचेच पैसे मोजायचे. फक्त लहान मासे टिपायचे असतील तर दोन्ही नकोत.

घेताना धागा ५२ मिलिमीटरचा आहे ना, ते बघा. अडॅप्टर लावून ६७ ची लेन्स बसवली तर ती काचेपासून पुढे सरकते आणि कोपरे काळे होतात. तसे झाले तर झूम थोडा आत घ्या. लेन्स पाण्यात गेल्यावरच पूर्ण घट्ट करा. काच आणि लेन्सच्या मध्ये पाणी भरायला हवं. एक बुडबुडा अडकला तरी फोटोचा एक भाग धूसर येतो. अर्धा आटा सैल करून कॅमेरा तिरका करा, म्हणजे तो निघून जातो. लेन्सला दोरी हवीच, तळाला गेलेली लेन्स गाळात सापडत नाही.

प्रश्न (नाशिक): न्युडिब्रँकसाठी (बिनशंखाच्या छोट्या समुद्री गोगलगायी) मॅक्रो लेन्सही, म्हणजे अगदी जवळून टिपणारी, लागेल का?

उत्तर: टीजी-६ला नाही. त्याचा मायक्रोस्कोप मोड १ सेंटिमीटरपासून फोकस करतो. अडचण उजेडाची येते. इतक्या जवळ हाउसिंगचीच सावली पडते. थोडे मागे सरका, झूम वाढवा आणि उजेड बाजूने टाका.

प्रश्न (कोल्हापूर): दुसऱ्या डाइव्हला हाउसिंगची काच आतून धुकट होते. गळती आहे का?

उत्तर: गळती असती तर थेंब दिसले असते. बहुधा बोटीवर ओल्या हातांनी हाउसिंग उघडून बॅटरी बदलली जाते. ते पाणी उन्हात आणि कॅमेऱ्याच्या गरमीने वाफ होतं आणि थंड काचेवर जमतं. मोठं कार्ड आणि पूर्ण चार्ज बॅटरी घालून सकाळी एसी खोलीतच हाउसिंग बंद करा, तिथली हवा कोरडी असते. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची ताजी पुडी ओ-रिंगच्या (हाउसिंग बंद करणाऱ्या रबरी कड्याच्या) वाटेत येणार नाही अशी ठेवा. बोटीवर हाउसिंग ओल्या टॉवेलखाली सावलीत राहू द्या.

बंद करताना ओ-रिंगवर बोट फिरवून केस, वाळू बघा. ग्रीस कंपनीने दिलेलंच, तांदळाच्या दाण्याएवढं. ते फक्त रिंग मऊ ठेवायला असतं, जास्त झालं तर वाळू धरून ठेवतं. नवीन किंवा सर्व्हिस झालेलं हाउसिंग आधी कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू पेपर ठेवून बुडवून पाहा. डाइव्हनंतर बंद हाउसिंग गोड्या पाण्यात भिजवा आणि बटणं दाबत राहा. नाहीतर मीठ सुकून ती अडकतात.