‘नेटवर्थ’साठी मराठी शब्द, आणि ‘तूट’ का नको

विट्याहून एका वाचकांनी विचारले आहे की, सरकारच्या ‘नेटवर्थ’मध्ये (मालमत्तेतून देणी वजा जाता उरते त्यात) वर्षभरात पडलेला फरक कसा मोजतात, यावरील लेख मराठीत आणताना ‘नक्त मूल्य’ लिहावे की ‘निव्वळ संपत्ती’, आणि त्यातील घटीला सरळ ‘तूट’ म्हटलेले चालेल काय.

‘नक्त मूल्य’ हा शब्द आमच्या सांगलीकडे परका नाही. साखर कारखान्याचा किंवा सूतगिरणीचा वार्षिक अहवाल उघडला की तो भेटतो, आणि ‘नक्त मूल्य उणे’ झाले म्हणजे नवे कर्ज मिळणे अवघड, हे ऊस घालणारा सभासदही जाणतो. तरीही सर्वसाधारण वाचकासाठी मी तो सुचवणार नाही. संस्कृतात ‘नक्त’ म्हणजे रात्र, त्यामुळे ‘नक्तंदिन’ परिचित असलेला वाचक येथे अडखळतो. शिवाय ‘मूल्य’ म्हटले की मन किमतीकडे वळते, आणि आपल्याला तर देणी वजा जाता काय उरते ते सांगायचे आहे. ‘निव्वळ’ या शब्दात ‘निवळणे’ ऐकू येते. पावसाळ्यात कृष्णेचे गढूळ पाणी घागरीत भरून तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी राहते. वजाबाकीचा अर्थ त्या शब्दाच्या अंगातच आहे. ‘संपत्ती’पेक्षा ‘मत्ता’ बरी, कारण देशाची संपत्ती म्हटले की नागरिकांचीही त्यात येते, आणि ‘मत्ता व दायित्वे’ ही जोडी ताळेबंदात रुळलेली आहे. म्हणून ‘सरकारची निव्वळ मत्ता’.

‘तूट’ मात्र कटाक्षाने टाळावी. सरकारने शंभर कोटी रुपये कर्जाऊ घेऊन तेवढ्याच खर्चाचा पूल बांधला, तर राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज सोडून बाकी जमेपेक्षा जास्त झालेला खर्च, शंभर कोटींनी वाढते. परंतु एका बाजूला दायित्व आणि दुसऱ्या बाजूला पूल उभा राहिल्यामुळे निव्वळ मत्तेत त्या वेळी काहीच फरक पडत नाही. तेच कर्ज पगारावर खर्च झाले, तर तूट तेवढीच दिसते, पण निव्वळ मत्ता शंभर कोटींनी उतरते. निर्गुंतवणुकीत याच्या उलट घडते: सरकारी कंपन्यांतले शेअर योग्य भावाने विकून आलेल्या रकमेने आपल्याकडे राजकोषीय तूट कमी दिसते, प्रत्यक्षात शेअर जाऊन रोकड आलेली असते आणि निव्वळ मत्ता जागच्या जागीच राहते. महसुली तूट, म्हणजे महसुली जमेपेक्षा जास्त झालेला महसुली खर्च, या कल्पनेच्या अधिक जवळची आहे, तरी तीही समानार्थी नव्हे. केंद्र सरकारचे हिशेब रोखीच्या पद्धतीने, म्हणजे पैसे प्रत्यक्ष आले-गेले की नोंदून, ठेवले जात असल्यामुळे जुन्या मालमत्तेचा घसारा (वापराने होणारी किमतीतली झीज) तीत धरलेला नसतो, आणि भांडवली कामांसाठी राज्यांना दिलेली अनुदानेही महसुली खर्चातच मोडतात. ही अनुदाने वगळून मोजलेली ‘प्रभावी महसुली तूट’ 2011-12 च्या अर्थसंकल्पापासून दाखवली जाऊ लागली.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 2014 च्या सरकारी वित्तीय सांख्यिकी पुस्तिकेत निव्वळ मत्तेत पडणाऱ्या फरकाचे दोन भाग केले आहेत. महसुलातून घसाऱ्यासह चालू खर्च वजा करून जे उरते, तो व्यवहारांमुळे पडलेला फरक. आणि भाव चढल्या-उतरल्यामुळे, भूकंपाने इमारती कोसळल्यामुळे किंवा नवा खनिजसाठा सापडल्यामुळे पडतो तो दुसरा. अनुवादात हे दोन्ही एका शब्दात कोंबू नयेत. पहिल्यासाठी ‘व्यवहारजन्य बदल’ आणि दुसऱ्यासाठी ‘इतर बदल’ पुरेसे आहे.

मोजणीतली खरी अडचण शब्दांपलीकडची आहे, आणि लेखात तिला जागा द्यावी. सांगलीचा आयर्विन पूल 1929 साली झाला. तो बाजारात विकला जाणारा नाही, मग ताळेबंदात त्याची किंमत कोणती लिहायची? अशा ठिकाणी तसाच पूल आज बांधायला येणारा खर्च धरून त्यातून आजवरचा घसारा वजा करतात. म्हणजे मूळ बांधकामावर एक रुपयाही नव्याने खर्च झाला नसला, तरी सिमेंट आणि मजुरी महागली की कागदावर सरकारची मत्ता वाढलेली दिसते. न्यूझीलंडने 1990 च्या दशकाच्या आरंभी उपार्जित पद्धतीने (रोकड हाती येण्या-जाण्याची वाट न पाहता येणी-देणी नोंदून) संपूर्ण सरकारचा ताळेबंद प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हा निव्वळ मत्ता उणे होती. अशा आकड्यापुढे आपण ‘तूट’ लिहिले, तर वर्षाखेरची स्थिती आणि वर्षभरातला प्रवाह यांची गल्लत होईल. तेथे ‘उणे निव्वळ मत्ता’ आणि वर्षभरातल्या फरकासाठी ‘निव्वळ मत्तेतील घट’ असेच लिहावे.