ओल एक, शब्द अनेक

प्रश्न : मुलगी नववीत आहे. कुठल्याही ओल्या गोष्टीला ती इंग्रजीत ‘वेट’च लिहिते. डॅम्प, मॉइस्ट, सॉगी यांत नेमका फरक काय? – एक पालक, सातारा

उत्तर : 2019च्या महापुरात आमच्या सांगलीच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं. ओसरल्यावर ट्रंकेतल्या वह्या काढल्या, तर पान धरलं की लगदाच हातात यायचा. ते ‘सॉगी’ : पाणी पिऊन आकार गमावलेलं. भिंती मात्र दिवाळीनंतरही हाताला गार, ओलसर लागायच्या, पोपडे सुटायचे. त्या ‘डॅम्प’. या शब्दातली ओल बहुधा नकोशी असते. ‘मॉइस्ट’ची हवीशी : मऊ केक, वाफशावरची माती. रानात पाणी तुंबलं की ते ‘वॉटरलॉग्ड’. हवा दमट असली की ‘ह्युमिड’.

एका शब्दापाशी मी अजून अडते. सादळलेल्या भडंगाला ‘सॉगी’ म्हणणं मला पटत नाही. मिसळीच्या रश्श्यात बुडालेला पाव सॉगी. भडंग नुसत्या हवेनं मऊ पडतो. आपल्या ‘सादळणं’च्या तोडीचं एकच इंग्रजी विशेषण मला अजून सापडलेलं नाही. तिथं तिला खुशाल अख्खं वाक्य लिहू द्या.