बुलेट ट्रेनचा वाऱ्यामुळे होणारा आवाज कसा मोजतात? आणि त्याचा अंदाज आधीच बांधता येतो का?

हो, येतो. पण आधी चाकांचा आवाज वेगळा काढावा लागतो, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

जपानमध्ये शिन्कान्सेनसाठी (तिथली बुलेट ट्रेन) रुळांपासून 25 मीटरवर, जमिनीपासून 1.2 मीटर उंचीवर माइक लावतात. निवासी भागात मर्यादा 70 डेसिबल, 1975 पासून. एका माइकला मात्र आवाज नेमका कुठून आला ते कळत नाही. त्यासाठी अनेक माइकांची जाळी लावतात. मग पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा), डब्यांमधल्या फटी, बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) अशा आवाजाच्या जागा वेगळ्या दिसतात.

चाकांचा आवाज साधारण वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढतो, वाऱ्याचा सहाव्या. म्हणजे ताशी 200 वरून 300 किमीला गेलात की पहिला सुमारे 5 डेसिबल वाढतो, दुसरा साडेदहा! अंदाज बांधताना प्रत्येक स्रोताचा हिशोब असाच वेगळा करून 25 मीटरवर बेरीज करतात.

पेंटोग्राफची 4 सेंटिमीटर जाडीची गोल दांडी घ्या. 300 च्या वेगाला तिच्यामागे भोवरे सुटतात आणि सुमारे 415 हर्ट्झचा सूर निघतो. जपानमधल्या माइबाराच्या वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेल, जिथे स्थिर वस्तूवर जोराचा वारा सोडतात) असेच भाग तपासतात. मुंबई-अहमदाबाद मार्गावरच्या ध्वनिरोधक भिंती चाकांचा आवाज अडवतील, पण पेंटोग्राफ त्यांच्या वर राहतो, म्हणून त्याचा आकारच सुधारायला हवा.