वाचकांचे प्रश्न : टेक्सासमध्ये कमरेला उघडं पिस्तूल

ग्रीन कार्ड मिळाल्यावर पिस्तूल घेतलं. इथे परवान्याशिवाय ते उघडपणे कमरेला लावता येतं म्हणे. रोजच्या बाजारहाटाला लावून जावं का? – एक वाचक, प्लेनो

कायद्याने जाता येईल. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि शस्त्र बाळगायला बंदी नसलेल्या माणसाला त्यासाठी परवाना लागत नाही. पिस्तूल दिसत असेल तर ते होल्स्टरमध्ये, म्हणजे पट्ट्याला लावायच्या म्यानात, मात्र हवंच. तरीही आमचा सल्ला असा : शहरात ते शर्टाखाली झाकूनच ठेवा.

उघडं लावण्याचे फायदे आहेत. कपडा बाजूला सारावा लागत नाही म्हणून हात लवकर पोचतो. डॅलसच्या उन्हाळ्यात वरून जाड शर्ट चढवावा लागत नाही, आणि मुठीत नीट बसणारं मोठं पिस्तूल बाळगता येतं. ‘पाहूनच चोर लांब राहतो’ यावर मात्र विसंबू नका. ज्याचं आधीच ठरलंय तो सगळ्यात आधी तुमच्यावर चाल करेल, तीही मागून. रांगेत उभं असताना कमरेचं पिस्तूल तुमच्या नजरेआड असतं. मागच्याच्या हाताशी असतं.

पोलिसांनाही गडबडीत तुम्ही कोण ते कळत नाही. जुलै २०१६ मध्ये डॅलसला मोर्चाच्या वेळी पाच पोलीस मारले गेले, तेव्हा उघडपणे रायफल घेऊन आलेल्या एका निरपराध माणसाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून प्रसिद्ध केला होता.

आणि परवाना सक्तीचा नसला तरी काढाच. फी ४० डॉलर, ४ ते ६ तासांचा वर्ग, मग ५० गोळ्यांची परीक्षा : ३ यार्डांवरून २०, ७ वरून २०, १५ वरून १०, २५० पैकी १७५ गुण लागतात. कारण असं की शाळेपासून १००० फुटांच्या आत पिस्तूल बाळगायला केंद्रीय कायद्याची बंदी आहे आणि राज्याचा परवाना असणाऱ्याला तिच्यातून सूट मिळते. शहरात शाळा टाळून जाणार कुठून? शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ग्रीन कार्ड असूनही देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, हे विसरू नका.

दुकानांच्या दारावरच्या पाट्यांचे आकडे कसे वाचायचे? गणेशोत्सवाला पिस्तूल चालेल का? – एक वाचक, ह्यूस्टन

हे आकडे म्हणजे टेक्सासच्या दंडसंहितेतली कलमं. ३०.०५ ची पाटी बिनपरवान्याच्या माणसाला अडवते. ३०.०७ परवानाधारकाला उघडं पिस्तूल आणायला मनाई करते, ३०.०६ झाकलेलं. दुर्लक्ष केलं तर २०० डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही बाहेर पडला नाहीत तर वर्षापर्यंत कैद आणि ४००० डॉलरपर्यंत दंड. बारच्या दारावर लाल ५१ (निम्म्याहून जास्त कमाई दारूची, अशी खूण) दिसला तर परवाना असूनही आत नेऊ नका.

बऱ्याच मंडळांचा गणपती शाळेच्या सभागृहात बसतो. शाळेच्या इमारतीत शस्त्र नेणं हा गंभीर गुन्हा आहे, कार्यक्रम आपला असला तरी.

होल्स्टर कसं असावं? – एक वाचक, ऑस्टिन

उघडं लावायचं असेल तर पैसा इथेच खर्च करा. चाप पूर्ण झाकणारं, कडक साच्याचं, आणि अंगठ्याने खटका दाबल्याशिवाय पिस्तूल न सोडणारं होल्स्टर घ्या. नुसत्या घर्षणावर धरणारं शर्टाखाली ठीक. उघड्यावर कुणीही हिसकावेल. दीड इंची ताठ पट्टा लावा, नाहीतर उपसताना पिस्तुलाबरोबर होल्स्टरही वर येतं.

चुकून गोळी अनेकदा पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवताना सुटते. मऊ पडलेल्या चामड्याची कड किंवा जॅकेटची दोरी चापात अडकते. म्हणून ठेवताना बोट चापाबाहेर, नजर होल्स्टरवर आणि वेग कमी. पिस्तूल हातातून निसटलं तर झेलू नका, पडू द्या; झेलताना बोट नेमकं चापावर जातं.

पोलिसांनी गाडी थांबवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, शस्त्र कुठे आहे ते आधी सांगा, त्याला हात लावू नका.

सुनेकडे एच-४ व्हिसा आहे आणि आम्ही पर्यटक व्हिसावर येतोय. मुलाच्या घरी पिस्तूल आहे. काही अडचण? – आई-वडील, पुणे

आहे. एच-१बी (नोकरीचा), एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा), विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने पिस्तूल बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला मुख्य अपवाद. त्यांच्या हाती शस्त्र देणाराही गुन्हेगार ठरतो. म्हणून मुलाने तिजोरीचा आकडा स्वतःपुरताच ठेवावा, किल्ली घरात लटकवू नये. तुम्ही दोघांनी फोटोसाठीसुद्धा पिस्तूल हातात घेऊ नका.