ग्रेड १ ब्लीड म्हणजे सेरेब्रल पाल्सी होणारच का?

तुमचं बाळ २९ आठवड्यांत जन्मलेलं, टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत 'ग्रेड १ ब्लीड' (मेंदूतला सगळ्यात सौम्य रक्तस्राव) आलंय, आणि सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारं अपंगत्व, होईल का, हा तुमचा प्रश्न. बहुतेक करून नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेटीतून घरी गेलेली बाळं रोज माझ्या हाताखालून जातात.

असा रक्तस्राव वाटतो तितका दुर्मीळ नाही. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या साधारण चार-पाच बाळांमागे एकाला होतो, तोही बहुतेकदा पहिल्या तीन दिवसांत, कारण मेंदूच्या पोकळ्यांलगतच्या रक्तवाहिन्या तेव्हा फार नाजूक असतात. ग्रेड १ मध्ये रक्त तिथल्या तिथे राहतं आणि जिरून जातं. खरी काळजी ग्रेड ३ आणि ४ ची, जिथे रक्ताने पोकळ्या फुगतात किंवा आजूबाजूच्या मेंदूलाही इजा होते.

सेरेब्रल पाल्सी २८ ते ३१ आठवड्यांच्या बाळांत शंभरात साधारण सहा जणांना होते. २८ च्या आत दहा-पंधरा, ३२ च्या पुढे शंभरात एकही नाही म्हटलं तरी चालेल. पण सोनोग्राफी मेंदूच्या पांढऱ्या भागाची इजा सुरुवातीला दाखवत नाही, म्हणून दिवस भरायच्या सुमारास ती पुन्हा करून घ्याच. पायांकडे जाणारे मज्जातंतू या पांढऱ्या भागातून, पोकळीला अगदी चिकटून जातात. त्यामुळे अशा मुलांचे पाय कडक होतात, बुद्धी मात्र तल्लख असू शकते.

माझा भरवसा रिपोर्टपेक्षा हालचालींवर जास्त. वय मात्र डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजा, जन्मापासून नाही. म्हणजे तुमचं बाळ साडेपाच महिन्यांचं होईल तेव्हा ते हिशेबाने तीनचं. त्या वयात उताणं, शांत पण जागं असताना मनगटं, घोटे, मान सतत बारीक बारीक वळवळताना दिसायला हवीत. ती वळवळ नसेल तर मी लगेच न्यूरोलॉजिस्टकडे पाठवते.

एक आई आठ महिन्यांच्या लेकाबद्दल कौतुकाने म्हणाली, "हा आजोबांसारखा डावखुरा!" मी उजवी मूठ उघडून पाहिली. अंगठा आत, घट्ट. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताची चौकशी करायची असते. व्यायाम आम्ही त्याच आठवड्यात सुरू केले, निदानाचा शिक्का बसायची वाट पाहिली नाही.

लंगोट बदलताना मांड्या फाकायला जड जातात का, तेही बघत जा. आणि त्या साडेपाच महिन्यांच्या सुमारास त्याच वळवळीचा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून फॉलोअपला दाखवा. खेळणं-चोखणी काही न देता.