फॉसेट वाचायला घेताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ब्रिटिश खासदार हेन्री फॉसेट यांच्यावर लिहायला घेतलंस, फार बरं वाटलं. फक्त सुरुवात त्यांच्या अंधत्वापासून करू नकोस. 1858 साली शिकारीत वडिलांच्या बंदुकीचे छर्रे लागून दृष्टी गेली, हे सगळेच लिहितात आणि तिथेच रेंगाळतात. तू 1867 पासून सुरू कर. तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनच्या इंडिया ऑफिसात, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या कचेरीत, जंगी नृत्यसमारंभ झाला आणि खर्च टाकला हिंदुस्थानच्या तिजोरीवर! ब्रायटनहून निवडून येऊन दोनच वर्षं झालेल्या फॉसेटनी त्याविरुद्ध आवाज उठवला.

असा खर्च खपायचा कसा, ते आधी समजून घे. भारतमंत्र्याचा, म्हणजे त्या खात्याच्या ब्रिटिश मंत्र्याचा, पगारच हिंदुस्थानच्या महसुलातून निघायचा. त्यामुळे इतर खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर संसदेत दरवर्षी मतदान होई, तसं या खात्याच्या वाट्याला येतच नसे. उरायचं ते हिंदुस्थानचं वार्षिक आर्थिक निवेदन, तेही अधिवेशन संपता संपता, बाकं ओस पडल्यावर. म्हणून हॅन्सार्डचे, म्हणजे ब्रिटिश संसदेतल्या भाषणांच्या छापील वृत्तान्ताचे, जुलै-ऑगस्टचे खंड आधी उघड.

भाषणांपेक्षा मला त्यांचं समितीतलं काम मोठं वाटतं. हिंदुस्थानच्या अर्थकारणावर 1871 मध्ये संसदेची प्रवर समिती नेमली गेली. 1873 मध्ये दादाभाई नौरोजींची साक्ष तिच्यापुढेच झाली. साक्षीतल्या प्रश्नांना क्रमांक असतात. टिपणात तो क्रमांक लिही आणि प्रश्न कुणाचा तेही, नाहीतर दुसऱ्याच सभासदाचा प्रश्न फॉसेटच्या नावावर जातो.

1874 मध्ये ते ब्रायटनला पडले, पण त्याच वर्षी लंडनमधल्या हॅकनीतून परत निवडून आले.

1880 ते 1884 ही पोस्टमास्टर जनरलपदाची वर्षं मात्र घाईत उरकू नकोस. मंत्रिमंडळात त्यांना जागा नव्हती, तरी खात्यात त्यांनी केलं ते पाहा. पोस्टाच्या बचत बँकेत किमान ठेव एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. मजुराच्या हाती एकरकमी शिलिंग कुठून येणार? त्यांनी बारा घरांचा छापील कागद काढला. जमेल तेव्हा एक पेनीचं तिकीट घेऊन चिकटवायचं. बारा घरं भरली की तो कागदच पोस्टात ठेव म्हणून जमा. हिंदुस्थानच्या रयतेच्या पैशाचा जाब मागणारा माणूस आणि ही युक्ती काढणारा माणूस एकच, हे तुझ्या लिखाणात दिसलंच पाहिजे.

तारखा तपासून घे. पार्सल सेवा 1883 ची. सहा पेनींची तार सुरू झाली 1885 मध्ये, आणि फॉसेट गेले नोव्हेंबर 1884 मध्ये. ती त्यांच्या हयातीत दाखवू नकोस.