रस्त्यावरचे अकरा दिवे

प्रश्न : ताई, आम्ही चौघं मित्रमैत्रिणी, वयं २० ते २२. आमचं नगरपरिषदेचं गाव आहे. कॉलेजकडून वस्तीकडे येणाऱ्या रस्त्यावरचे अकरा दिवे बंद आहेत. संध्याकाळी क्लासहून परतणाऱ्या मुली मोबाइलचा टॉर्च लावून घोळक्याने चालतात. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षं काम केलं होतं, त्यामुळे वाटलं, हे आपण करू शकतो. नगरसेवकांना भेटलो. त्यांनी 'लगेच करतो' म्हणून आमच्यासोबत फोटो काढला. त्याला पाच महिने झाले. पालिकेत तीनदा गेलो, दर वेळी दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं. आता ओळखीचे लोक 'नेतेगिरी सुरू झाली वाटतं' म्हणतात. चौघांपैकी दोघं गळाले. आमचं चुकतंय कुठे? की हे आमचं कामच नाही?
— एक वाचक, वय २१

उत्तर : काम तुमचंच आहे. तुम्ही रोज त्या रस्त्याने जाता, एवढं कारण पुरेसं आहे. आणि पाच महिने होऊनही तुला अकरा हा आकडा पाठ आहे, याचा मला फार आनंद झाला. 'आमच्याकडे दिवे नाहीत हो' म्हणणारे शंभर भेटतात, खांब मोजणारा एखादाच.

पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दोन गोष्टी शोधल्या. एक, तुमच्याकडे कुठल्याही अर्जाची पोच आहे का? दुसरी, त्या रस्त्याने जाणाऱ्या एकीने तरी कुठे सही केली आहे का? दोन्ही सापडल्या नाहीत.

पोचेचं आधी सांगते, ते सोपं आहे. तुम्ही भेटलात, बोललात, पण कागद दिला नाहीत. तोंडी सांगितलेलं कार्यालयात उरत नाही. साहेब बदलले की संपलं. अर्ज दोन प्रतींत न्या, आवक-जावक टेबलावर द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख नि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पुढच्या वेळी 'दिव्यांचं काय झालं' असं विचारू नका. 'अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली' असं विचारा. खुर्चीवरचा माणूस मान वर करून बघतो, हे मी कितीदा अनुभवलंय.

अर्जात काय लिहायचं, त्यासाठी एक संध्याकाळ रस्त्यावर घालवा. वहीत रकाने पाडा : खांबावर रंगवलेला क्रमांक, जवळची खूण, फिटिंग जागेवर आहे की गेलं, वायर तुटलेली दिसते का. हे का, तर बहुतेक ठिकाणी खांब आणि वीजपुरवठा वीज कंपनीचा असतो, दिवा नि त्याची देखभाल पालिकेची किंवा तिच्या ठेकेदाराची. तुम्हाला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं, त्यामागे हेही असू शकेल. 'खांब क्रमांक अमुक, फिटिंग आहे, दिवा लागत नाही' असं लिहिलंत की टोलवायला जागा कमी राहते. अर्जात हेही लिहा की सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमानुसार पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात.

महिनाभर उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहेच. आपल्या राज्यात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच हवा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसायला हवा. मुलं इथे हमखास चुकतात. 'दिवे का लावले नाहीत?' असं विचारतात. माहिती अधिकारी दप्तरात असलेला कागद देतो, खुलासे देणं त्याच्यावर बंधनकारक नसतं. म्हणून कागद मागा : दिवे देखभालीच्या ठेक्याच्या करारनाम्याची प्रत, गेल्या सहा महिन्यांत ठेकेदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती, तक्रार नोंदवहीची त्याच काळातली पानं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं, किंवा अर्धवट आलं, तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे जातं, पण तिथे तारखा फार लांबतात. जे काय मिळवायचं ते पहिल्या अपिलापर्यंत मिळवायचा प्रयत्न करा. आणि अर्ज ग्रुपच्या नावाने करू नका. हा अधिकार कायद्याने नागरिकाला दिला आहे, तेव्हा एकाने स्वतःच्या नावाने करावा.

हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला. त्याआधी आमच्या महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा दोन-तीन वर्षं होता. पण त्याच्याही आधी मी काम करत होते, तेव्हा फाइल नुसती लांबून दिसायची, कपाटावर, लाल फडक्यात बांधलेली. म्हणून तुमच्या पिढीला सांगते, हे साधन वापरा.

आता सहीचं. माझ्या दृष्टीने खरी अडचण इथे आहे, आणि ती सांगायला मला माझी गोष्ट सांगावी लागेल.

१९८७ साली मी वीस वर्षांची होते. मला मतही नव्हतं. मतदानाचं वय २१ चं १८ झालं ते १९८९ मध्ये. गावाबाहेरच्या एका वस्तीत पाण्याला एकच विहीर होती आणि उन्हाळ्यात तिचा तळ दिसायचा. मी निवेदन लिहिलं. तालुक्याच्या गावी जाऊन मोठ्या साहेबांपुढे दहा मिनिटं बोलले. वक्तृत्व स्पर्धांमधून आलेली मुलगी मी, आवाज खणखणीत. साहेबांनी चहा मागवला. तीन महिन्यांत नळकोंडाळं मंजूर झालं, पेपरात चौकट आली, वडिलांनी ती कापून ठेवली.

नळकोंडाळं बसलं ते चावडीसमोरच्या पाराजवळ. पाइपलाइन तिथवरच आली होती. त्या पारावर दिवसभर पुरुष पत्ते कुटत बसायचे. वस्तीतल्या बायका हंडा घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहायला गेल्याच नाहीत. काही जणी पहाटे चारला, अंधारात पाणी भरून आणायच्या. बाकीच्या पुन्हा विहिरीवर. मी एकदा तणतणत वस्तीत गेले, म्हटलं, एवढं मिळवून दिलं, वापरत का नाही? एक आजी पाटा धूत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पोरी, बोललीस छान. पण आम्हाला एकदा इचारलं असतंस, तर जागा आम्हीच दावली असती."

जागा बदलून घ्यायला पुढे दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात साहेबांपुढे मी एकदाही बोलले नाही. त्या आजी बोलल्या, त्यांची सून बोलली. मी शेजारी कागद धरून उभी असायचे, कुणी नियम विचारला तर पान काढून द्यायचे. दुसरं नळकोंडाळं वस्तीच्या तोंडाशी, कडुलिंबाजवळ बसलं. ते वापरात राहिलं.

म्हणून तुम्हा दोघांना सांगते : आधी आठवडाभर त्या रस्त्यावर संध्याकाळी सात ते दहा उभे राहा आणि कोण कोण जातं ते बघा. क्लासच्या मुली तुम्हाला दिसल्या, कारण त्या तुमच्यातल्या आहेत. त्यांच्याशिवाय धुणीभांडी करून परतणाऱ्या मावशी असतील, रात्रपाळीला निघालेला वॉचमन असेल, हातगाडी ढकलत घरी जाणारं जोडपं असेल, काठी टेकत जाणारे कुणी आजोबा असतील. थांबवून विचारा. अकरापैकी कुठला दिवा आधी हवा, हेही विचारा. तुम्हाला कदाचित वळणावरचा महत्त्वाचा वाटेल, मावशी सांगतील की नाल्याच्या पुलावरचा. मग त्यांच्या सह्या घ्या, अंगठे घ्या, आणि पालिकेत जाताना त्यांच्यातल्या दोघींना सोबत न्या. बोलणं त्यांनी करायचं. त्यांचा अर्ध्या दिवसाचा खाडा होतो हे लक्षात ठेवा, म्हणून वेळ आधी फोन करून पक्की करा. त्यांना बाकावर ताटकळत बसवू नका.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव तू ऐकलं असशील. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल सांभाळायचे नि वापरायचे गावाचे हक्क मिळाले, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. तिथे बाहेरून आलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल वर्षानुवर्षं गावकऱ्यांसोबत अभ्यासगटात बसून कायदा वाचत राहिले, पण निर्णय गावाच्या सभेत, सर्वसहमतीनेच व्हायचा. शिकलेल्या माणसाने कुठे बसायचं, ते मला तिथे नीट दिसतं.

'नेतेगिरी' म्हणणाऱ्यांचंही यातून आपोआप मिटतं. चाळीस सह्यांच्या कागदावर तुझं नाव सतराव्या ओळीत असेल तर तुला नेता कोण म्हणेल? आणि गळालेल्या दोघांवर रागावू नकोस. त्यांना सगळ्या भेटींना बोलवू नका, एकच ठरलेलं काम द्या. एक जण फक्त पोचांची फाइल सांभाळेल, दुसरी महिन्यातून एकदा खांब तपासून येईल. माझ्या अनुभवात निम्मे तरी परत येतात.

नगरसेवकांनाही तोडू नका. अर्जाची एक प्रत त्यांना द्या आणि पोच घ्या, त्यांच्याकडूनसुद्धा.

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. मित्रांबरोबर तो तलाव वाचवण्याच्या कामाला लागला आहे. निवेदनं, बैठका, परवा मोर्चाचं बोलत होता. अभ्यास बुडेल आणि एखादी पोलीस केस लागली तर नोकरीचं काय, या काळजीने मला झोप लागत नाही. त्याला बंदी घालू का?
— एक आई

उत्तर : तुमची काळजी अगदी खरी आहे. सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी होते आणि गुन्हा नोंद असेल तर ते अर्जात सांगावं लागतं. पण निवेदन देणं, सह्या गोळा करणं, माहिती मागणं यात कुठलाही गुन्हा नाही. प्रश्न येतो तो मोर्चा-धरण्याचा. शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश निघतात, आणि ते बऱ्याच जिल्ह्यांत सणासुदीला, निवडणुकीला वरचेवर निघतात. मुलं नेमकी तिथे अडकतात, कारण आदेश चालू आहे हेच त्यांना माहीत नसतं. म्हणून बंदी घालू नका, त्याला दोन प्रश्न विचारा : पोलीस ठाण्यात लेखी परवानगी मागितली का, आणि परवानगीचा कागद कुणाच्या हातात आहे? उत्तर 'बघू' असं आलं तर त्या दिवशी जाऊ नको, असं आई म्हणून ठामपणे सांगा.

वेळेचं म्हणाल तर राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांची अपेक्षा असते, म्हणजे आठवड्याला साधारण सव्वादोन तास. तेवढा वेळ त्याला ठरवून द्या. शनिवारची संध्याकाळ तलावाची, बाकी अभ्यासाची. आणि एखाद्या शनिवारी तुम्हीही त्याच्यासोबत तलावावर जाऊन या. तो तिथे काय करतो हे डोळ्यांनी पाहिलंत की निम्मी काळजी कमी होईल. तुमच्या वयाची बाई सोबत दिसली की त्या पोरांनाही धीर येतो.

प्रश्न : आम्ही वाचनालय संध्याकाळी उघडं राहावं म्हणून प्रयत्न करतो आहोत. एका व्यावसायिकांनी पाच हजार रुपये देऊ केले आहेत. संस्था नोंदवावी का?
— सहा मैत्रिणी

उत्तर : इतक्यात नको. नोंदणीला किमान सात सदस्य, घटना, मग दरवर्षी हिशेब नि पदाधिकारी बदलले की त्याचा बदल अर्ज. तुमची सगळी शक्ती त्यातच जाईल. निवेदन द्यायला, सह्या घ्यायला नोंदणी लागत नाही. ते पाच हजारही घेऊ नका. झेरॉक्स आणि रिक्षाभाडं याहून तुम्हाला खर्च नाही, तो सहा जणींत वाटून घ्या आणि एका वहीत लिहा. त्यांना मदत करायचीच असेल तर संध्याकाळी वाचनालय हवं, असं त्यांच्या दुकानातल्या कामगारांचं पत्र मागा. दिवसभर काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीला संध्याकाळी सातनंतरच पुस्तक बदलता येतं. ते तिने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं तर तुमच्या अर्जाला जोडा.